इस्लाम जिमखाना: पाटी तीच, मैदान कुणाचं?

मरीन ड्राइव्हवरचा इस्लाम जिमखाना आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिला आहे, पण खेळायला जाऊन नव्हे. कुणाच्या तरी निकाहला, वलीम्याला, एखाद्या पुढाऱ्याच्या इफ्तार पार्टीला किंवा सभेला आपण तिथे गेलेलो असतो. हिरवळीवर मांडलेल्या खुर्च्या, समोर समुद्र, मागे लोकलचा आवाज. त्या हिरवळीवर एकेकाळी काय खेळलं गेलं आणि हा क्लब तिथे आला कसा, हा प्रश्न बिर्याणीच्या रांगेत उभं असताना सुचत नाही. तो सुचायला हवा, कारण त्याच्या उत्तराचा अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, मालाड इथे राहणाऱ्या आपल्या पिढीशी थेट संबंध आहे.

गेली काही वर्षं आपल्या गटांमध्ये एक मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते. उपनगरांत मुसलमानांची एवढी वस्ती आहे, मग आपलं स्वतःचं क्रीडासंकुल का नको? जमातीने पैसे गोळा करावेत, प्लॉट मिळवावा, आपल्या मुलांसाठी आपला क्लब उभारावा. या मागणीमागची कळकळ खरी आहे. मुलांना खेळायला जागा नाही, असलेल्या जागेवर कधी पार्किंग तर कधी मंडप असतो आणि काही ठिकाणी नाव विचारून वागणूक बदलते. पण असा क्लब आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आहे. तो कसा जन्मला, १९४७ च्या आसपास देशाचं राजकारण बदललं तेव्हा त्याचं काय झालं आणि आज त्याची गत काय आहे, हे पाहूनच पुढचं ठरवू या.

मागितलं मैदान, मिळाला प्लॉट

१८७५ साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो युरोपियनांचा होता, भारतीयांना सदस्यत्व नव्हतं. शेजारच्या मोकळ्या मैदानावर देशी पोरं क्रिकेट खेळत आणि त्याच मैदानावर गोऱ्या साहेबांचे घोडे पोलो खेळायला येत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची वाट लागे. याविरुद्ध देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पारशी त्यात पुढे होते. मागणी साधी होती: मैदान सगळ्यांचं आहे, आम्हालाही नीट खेळू द्या.

सरकारने पोलो हलवण्याऐवजी हळूहळू दुसरीच वाट काढली. समुद्रकिनाऱ्याच्या भराव जमिनीवर प्रत्येक जमातीला वेगळा तुकडा दिला. पारशी जिमखाना १८८५ साली स्थापन झाला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुसलमानांना जागा मिळाली आणि इस्लाम जिमखाना उभा राहिला. १८९४ साली हिंदू जिमखाना आला आणि पुढे कॅथलिक जिमखानाही त्याच ओळीत आला. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचं धोरण असं होतं की, एकेका जमातीला एकेक मैदान द्यायचं आणि त्यानंतर कुणी अर्ज घेऊन आलं की ‘तुमच्या जमातीचा क्लब आहे ना, तिथे सदस्य व्हा’ असं सांगून त्याला वाटेला लावायचं.

सरकारच्या दृष्टीने ही मोठी सोयीची व्यवस्था होती. खुल्या मैदानाचा नागरी हक्क मागणारे लोक आता आपापल्या जमातीच्या दारात उभे राहिले. आणि दार उघडायचं की नाही, हे त्या जमातीतले शेठ आणि पुढारी ठरवू लागले.

जमातवार संघ

मग स्पर्धाही त्याच चौकटीत वाढली. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा प्रेसिडेन्सी सामना होत असे. १९०७ साली हिंदूंचा संघ आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी झाली. १९३७ मध्ये ‘इतर’ म्हणजे ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरेंचा पाचवा संघ जोडला गेला आणि ती पंचरंगी ठरली. त्याच वर्षी नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागावाटपाचा वाद होऊन हिंदूंनी भाग घेतला नाही, हेही नमूद करायला हवं. क्रिकेटमध्ये खुर्च्यांवरून झालेलं हे भांडण त्या काळच्या कौन्सिलांमधल्या जागांच्या भांडणासारखंच होतं.

ती तुलना ओढूनताणून केलेली नाही. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले आणि तीन वर्षांत मुसलमानांचा वेगळा क्रिकेट संघ आला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण दोन्हींच्या मागचा हिशोब एकच होता: हिंदुस्थान म्हणजे वेगवेगळ्या जमातींची बेरीज आणि माणूस म्हणजे आधी त्याची जमात.

या हिशोबात प्रत्येक जमातीच्या आत काय चाललंय ते झाकलं जाई. हिंदूंच्या संघातला सर्वांत भेदक गोलंदाज पळवणकर बाळू हा दलित होता. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा, पण कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ साली मिळालं, तेही मोठ्या वादानंतर. मुसलमानांच्या संघातही खोजा, बोहरा, मेमन, कोकणी, दखनी असे अनेक थर होते आणि चांगले खेळाडू लांबून बोलावले जात. इंदूरचे मुश्ताक अली, जालंदरचे वझीर अली आणि त्यांचे भाऊ नझीर अली हे ‘मुंबईच्या मुसलमानांसाठी’ खेळत. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, घरातली रीत वेगळी, तरी फलकावर सगळ्यांसाठी एकच शब्द होता.

आनंद आणि आक्षेप

या सगळ्यात मजा नव्हती असं म्हटलं तर तो इतिहासावर अन्याय होईल. पंचरंगीच्या दिवसांत मुंबई ओस पडायची. रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला होता, पण खरी गर्दी पंचरंगीलाच व्हायची. विजय मर्चंटने ‘इतर’ संघाविरुद्ध नाबाद २५० केल्या आणि विजय हजारेने त्याच सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ केल्या, तो १९४३ चा अंतिम सामना आजही सांगितला जातो. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना एका गड्याने हरवलं. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले होते. जिना आणि गांधी यांची बोलणी फिसकटून काही आठवडेच झाले होते, तरी मैदानात रक्त सांडलं नाही. स्पर्धेचे समर्थक म्हणत की, बघा, खेळामुळे जमाती एकत्र येतात.

विरोधकही तितक्याच ठामपणे बोलत होते. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ गांधीजींना वर्ध्याला भेटलं. सत्याग्रही तुरुंगात असताना हा उत्सव कशाला, असा त्यांचा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा अधिक खोल होता. कॉलेजांचे किंवा संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुसलमान अशा वाटणीला खेळात जागा काय, असं त्यांनी विचारलं. प्रसिद्ध समालोचक ए. एफ. एस. तल्यारखान यांनीही या स्पर्धेविरुद्ध मोहीम चालवली होती. १९४२ च्या आंदोलनाच्या वर्षी स्पर्धा झाली नाही, नंतर पुन्हा झाली आणि १९४५-४६ मध्ये कायमची थांबली.

मला दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं आणि त्यात विसंगती वाटत नाही. मैदानातले खेळाडू एकमेकांचा आदर करत होते, हे खरं. पण त्यांच्या छातीवर लावलेली पाटी त्यांनी निवडलेली नव्हती, हेही खरं. खेळाडू चांगले होते म्हणून चौकट चांगली ठरत नाही.

१९४७ नंतर

फाळणी झाली आणि पंचरंगीतल्या मुसलमान संघाची ताटातूट झाली. अब्दुल हफीज कारदार, गुल महंमद आणि अमीर इलाही हे तिघे आधी भारताकडून आणि नंतर पाकिस्तानकडून कसोटी खेळले. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले. १९४४ चा नायक इब्राहिम १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध भारताकडून चार कसोटी खेळले. पुढे तेही कराचीला गेले आणि २००७ मध्ये तिथेच वारले. मुंबईच्या अनेक सधन मुस्लिम घरांत अशीच वाटणी झाली. अशा घरांमधून क्लबला पैसा, पुढारी आणि प्रेक्षक मिळत होते.

अशा वेळी क्लबचं काय होऊ शकतं, याची जगात वेगवेगळी उत्तरं सापडतात. व्हिएन्ना शहरात १९०९ साली ज्यूंनी ‘हाकोआ’ नावाचा क्लब काढला. फुटबॉल, पोहणं, कुस्ती, अॅथलेटिक्स असे सगळे खेळ तिथे होते. १९२५ साली तो ऑस्ट्रियाचा फुटबॉल विजेता ठरला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि हाकोआवर बंदी घालून मालमत्ता हिसकावली. बरेच सभासद देशोधडीला लागले, अनेक मारले गेले. युद्धानंतर क्लब पुन्हा सुरू झाला, पण व्हिएन्नाच्या प्राटर भागात त्याचं नवं क्रीडाकेंद्र उघडायला २००८ साल उजाडलं.

कोलकात्यातला मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा. त्याने १९३४ पासून सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली. १९४० मध्ये ड्युरंड करंडक आणि मुंबईतला रोव्हर्स करंडकही जिंकला. फाळणीने त्याचे खेळाडू आणि चाहते दोन्ही विभागले गेले. पण क्लब टिकला, पुढे सगळ्या धर्मांचे खेळाडू घेऊ लागला आणि २०२४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये पोचला. बिल्ल्यावरचा चांदतारा तसाच आहे, आज त्या जर्सीत सगळ्या धर्मांची पोरं खेळतात.

मुंबईचं उत्तर कोलकात्याच्या जवळचं आहे. जमातींची स्पर्धा बंद झाली, पण जमातींचे क्लब बंद झाले नाहीत. स्वतंत्र भारताच्या सरकारने इस्लाम जिमखान्याची जागा काढून घेतली नाही. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, मुसलमानांकडे संशयाने पाहिलं जात असताना, ‘इस्लाम’ असं नाव असलेला क्लब शहराच्या सर्वांत देखण्या रस्त्यावर राहिला. ही गोष्ट लहान नाही. कायद्याने चालणाऱ्या राज्याचा अर्थ काय, हे हाकोआच्या शेजारी ठेवल्यावर जास्त कळतं.

१९४८ साली डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने लीग सुरू झाली. ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, गुडघाभर गवतात चेंडू हरवत खेळायची ही मुंबईची खास स्पर्धा. तिच्यात जिमखानेही उतरले, पण आता समोर दादर युनियन होतं, शिवाजी पार्क जिमखाना होता आणि शहरभरचे इतर क्लब होते. हिंदू विरुद्ध मुसलमान असा सामना आता क्लब विरुद्ध क्लब झाला. नोकरी देणाऱ्या बँका, गिरण्या आणि कंपन्यांचे संघ होतेच. सुनील गावसकर ज्या निरलॉनकडून खेळले, त्या कंपनीचा कारखाना आपल्या गोरेगावचा. खेळाडूची ओळख जमातीकडून क्लबकडे आणि नोकरीकडे सरकली.

याचं माझं आवडतं उदाहरण ‘पारकर’ या आडनावाचं आहे. रामनाथ पारकर मुंबईकडून खेळले आणि १९७२-७३ मध्ये भारतासाठी दोन कसोटी खेळले. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम पारकर मुंबईकडून खेळले आणि १९८२ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी खेळले. १९८१-८२ च्या मोसमात गावसकरने बंगालविरुद्ध ३४० धावा केल्या, तेव्हा त्यांच्यासोबत सलामीला ४२१ धावांची भागी करणारे हेच गुलाम. आडनाव एक, मुलूख एक, घरची बोली एक, धर्म वेगळे. चाळीस वर्षं आधी हे दोघे पंचरंगीत एकमेकांसमोर उभे राहिले असते. स्वतंत्र भारतात दोघांनीही मुंबईचीच टोपी घातली. कोकणी मुसलमान म्हणून मला या बदलाचं मोल पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पाटी आणि आतला माणूस

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे अशा फाइली असतात ज्यांचं नाव पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेलं असतं आणि आतला कोड पूर्ण बदललेला असतो. नाव बदलायला कुणी धजत नाही, कारण शंभर ठिकाणी ते वापरलेलं असतं. नवा माणूस नाव वाचून फसतो, जुना माणूस आतला कोड वाचतो.

मरीन ड्राइव्हच्या जिमखान्यांचं तसंच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस शील्डच्या अंतिम सामन्यात पारशी जिमखान्याकडून सूर्यकुमार यादवने २४९ धावा केल्या. समोर होता कांदिवलीचा पय्याडे स्पोर्ट्स क्लब. सूर्यकुमार वाढला चेंबूरजवळच्या अणुशक्तीनगरात. म्हणजे नाव पारशी, फलंदाज उत्तर प्रदेशी कुटुंबातला, तोही पूर्व उपनगरातला, आणि प्रतिस्पर्धी पश्चिम उपनगरातला. लॉर्ड हॅरिसला हा धावफलक दाखवला असता तर त्याला काही उलगडा झाला नसता. मैदानावरच्या क्रिकेटपुरता जमातीचा प्रश्न मुंबईने बऱ्याच अंशी सोडवला आहे. या बदलाचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

कुलूप बदललं

पण मैदानाच्या फाटकाचं काय? हॅरिसच्या काळात फाटकावर जमातीचं कुलूप होतं. आज तिथे सदस्यत्वाचं कुलूप आहे. जोगेश्वरीच्या रिक्षावाल्याच्या किंवा कुर्ल्याच्या गॅरेजवाल्याच्या मुलाला, तो मुसलमान आहे म्हणून, इस्लाम जिमखान्याच्या हिरवळीवर जागा मिळत नाही. पारशी, हिंदू किंवा कॅथलिक जिमखान्यात त्यांच्या त्यांच्या गरिबांचीही गत वेगळी नाही. जमातीच्या नावाने घेतलेली जागा जमातीतल्या वरच्या थराच्या उपयोगाची होते आणि उरलेल्यांना लग्नाच्या निमंत्रणावरच ती दिसते. हा एकट्या इस्लाम जिमखान्याचा दोष नाही, हे त्या चौकटीचंच फळ आहे.

क्लब चालवणाऱ्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. मैदान राखायला पैसा लागतो, माळ्यांचे पगार असतात, समुद्राची खारी हवा दर वर्षी काहीतरी खाते. लग्नं आणि समारंभ यांतून तो खर्च निघतो. पण ही जमीन सरकारची आहे, भाडेपट्ट्याने दिलेली आहे आणि ती खेळासाठी दिलेली आहे. सार्वजनिक जमीन वापरणाऱ्याला सार्वजनिक हिशोब द्यावाच लागतो. वर्षातले किती दिवस मैदान खेळासाठी आणि किती दिवस मंडपासाठी, सदस्य नसलेली किती मुलं तिथे शिकतात, मुलींना कोणत्या वेळा आहेत, हे क्लबने स्वतःहून प्रसिद्ध करावं. ओळीतल्या सगळ्याच जिमखान्यांकडे ही मागणी व्हावी. आपण ती आपल्या नावाच्या क्लबपासून सुरू केली, तर बोलण्याला वजन येईल.

उपनगरांच्या वाट्याला काय आलं?

हॅरिस जमिनी वाटत होता तेव्हा अंधेरी आणि बोरिवली साष्टीतली गावं होती. ती महापालिकेत आली स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये हद्द अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. म्हणजे आपली उपनगरं मुंबईत आली तेव्हा जमातींना प्लॉट वाटण्याचा जमाना संपला होता. इथे क्रीडासंकुलं आली ती महापालिकेची: अंधेरीचं शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी खूप असतील, पण त्यांच्या फाटकावर कोणत्याही जमातीचं नाव नाही. तिथे फी जास्त वाटली, वेळा चुकीच्या वाटल्या, तर आपण करदाते म्हणून जाब विचारू शकतो. खासगी क्लबला तसा जाब विचारता येत नाही.

आणि आपली मुलं मोठी झाली ती कुठून? वसीम जाफरचे वडील बसचालक होते. अंजुमन-इ-इस्लाम शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्याने नाबाद ४०० केल्या. कुर्ल्याचा सर्फराज खान वडील नौशाद खान यांच्या हाताखाली घडला. २००९ मध्ये, बाराव्या वर्षी, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये त्याने ४३९ केल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पण केलं. श्रीरामपूरच्या झहीर खानला मुंबईत आधार दिला तो सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबने. या यादीत शाळा आहे, बाप आहे, प्रशिक्षक आहे, मैदानावरचा क्लब आहे. जमातीच्या जिमखान्याचं नाव नाही. ज्या हॅरिसने जमातवार मैदानं वाटली, त्याच्याच नावाच्या शील्डमध्ये आज सगळ्या शाळांची सगळी मुलं एकत्र खेळतात, यातच काय टिकलं आणि काय गळून पडलं ते दिसतं.

यातली अंजुमन आणि रिझवी ही नावं नीट पाहा. या मुसलमानांनी उभ्या केलेल्या संस्था आहेत आणि त्यांचं दार इतरांना बंद नाही. संस्था कुणी चालवावी हा एक प्रश्न आहे आणि आत कुणी यावं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘आम्ही’ असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर ‘सगळे’ असायला हवं. उपनगरात आपण संस्था काढायचीच असेल तर ती अशी काढावी.

‘पण आपल्या मुलांना बाहेर सुरक्षित वाटत नाही’ असं काही पालक म्हणतात. ही भीती हवेतून आलेली नाही. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबईतली किती कुटुंबं मुंब्रा, मीरा रोड, जोगेश्वरीच्या विशिष्ट गल्ल्या अशी एकवटली, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. घर भाड्याने घेताना काय ऐकावं लागतं तेही माहीत आहे. म्हणूनच मैदानाचा आग्रह धरायला हवा. वस्त्या वेगळ्या झाल्या, शाळा बऱ्याच अंशी वेगळ्या झाल्या. दुसऱ्या वस्तीतल्या मुलासोबत घाम गाळायची जागा आता जवळपास मैदानच उरली आहे. तिथेही आपण आपली भिंत बांधली, तर पुढच्या पिढीला एकमेकांची ओळख फक्त मोबाइलवरच्या अफवांमधून होईल.

मुंब्र्याच्या मुलींनी हे आपल्याआधी ओळखलं. ‘परचम’ या संस्थेच्या पुढाकाराने २०१२ च्या सुमारास तिथल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. हिजाब घातलेल्या, न घातलेल्या, मुसलमान आणि हिंदू, सगळ्या एकाच संघात. खेळायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी सह्यांची मोहीम काढली आणि लोकप्रतिनिधींकडे मुलींसाठी मैदान मागितलं. त्यांनी जमातीचा क्लब मागितला नाही. नागरिक म्हणून, मुली म्हणून सार्वजनिक जागेवर हक्क सांगितला. पोलोच्या घोड्यांविरुद्ध अर्ज करणाऱ्या देशी पोरांची मूळ मागणी हीच होती. सव्वाशेहून जास्त वर्षांनी ती मुंब्र्यात पुन्हा तशीच, न वळवता मांडली गेली.

करायचं काय?

मुंबईचा विकास आराखडा २०३४ पर्यंतचा आहे आणि त्याचे नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्या वॉर्डाचा नकाशा उघडा. मोकळ्या जागांवर संक्षिप्त नावं दिसतील. ‘ईओएस’ने सुरू होणारी जागा अस्तित्वातली, ‘आरओएस’ने सुरू होणारी आरक्षित. ‘आरओएस १.४’ म्हणजे खेळाच्या मैदानासाठीचं आरक्षण. नकाशावर मैदान आहे आणि प्रत्यक्षात तिथे काय आहे, हे चालत जाऊन बघा, फोटो काढा. गाड्यांचं पार्किंग, गोदाम, बांधकामाचा राडारोडा, एखाद्या संस्थेचं कुलूप, जे असेल ते नोंदवा. मग माहिती अधिकारात विचारा: ही जागा कुणाच्या ताब्यात आहे, देखभालीचा करार कुणाशी आहे, अटी काय आहेत, लोकांना कोणत्या वेळी प्रवेश आहे. हे काम एका रविवारी चार जण करू शकतात. त्यातला एक शेजारच्या वस्तीतला, वेगळ्या धर्माचा असेल तर उत्तमच. मैदान हवंय त्यालाही.

मिळालेली उत्तरं आमच्याकडे पाठवा. या अंकापासून आम्ही उपनगरांतल्या मैदानांची यादी वॉर्डनिहाय प्रसिद्ध करत जाणार आहोत, मराठीत आणि उर्दूत. यादीत ‘मुस्लिम वस्तीतलं मैदान’ असा रकाना नसेल. मैदान खुलं आहे की बंद, मुलींना तिथे खेळता येतं की नाही आणि फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, एवढे तीनच रकाने असतील.